जुना हँडीकॅम चालतो की नाही, हे कसं तपासायचं?

जानेवारी २०२५ मध्ये सोनीने जाहीर केलं, की मिनीडीव्ही कॅसेटचं, म्हणजे घरगुती हँडीकॅममध्ये चालणाऱ्या छोट्या व्हिडिओ कॅसेटचं, उत्पादन फेब्रुवारीपासून बंद. कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडिस्क यांच्यासोबतच ही घोषणा झाली, त्यामुळे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच वर्षी अ‍ॅपलने मॅकच्या नव्या प्रणालीतून फायरवायर काढून टाकलं. मिनीडीव्ही कॅसेटवरचं चित्रण जसंच्या तसं संगणकात उतरवून घ्यायची वाट म्हणजे फायरवायर ही केबल-जोडणी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने तर २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं, की २०२५ पर्यंत जे टेपवरून उतरवून घेतलं जाणार नाही, ते बहुतांशी हातचं जाईल. टेप खराब होतेच, पण तिला वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात हे तिन्ही संपत चाललेत, हे त्या इशाऱ्यामागचं मोठं कारण होतं.

आता आपल्या घरचं बघा. साधारण १९९० ते २००८ या काळातली मुंज, बारसं, साखरपुडा, अष्टविनायक यात्रा, आजोबांची पंच्याहत्तरी, हे सगळं छोट्या कॅसेटमध्ये बंद आहे. कॅसेट बुटाच्या खोक्यात आणि कॅमेरा माळ्यावर. दुसरीकडे विशीतली मुलं 'तो जुना लुक' हवा म्हणून हेच कॅमेरे शोधत हिंडतायत. विकणारा 'बॅटरी नाही, त्यामुळे चेक केलेला नाही' असं म्हणून मोकळा होतो. दोघांपुढे प्रश्न एकच: हे यंत्र जिवंत आहे का, आणि नसेल तर नेमकं काय बिघडलंय?

बहुतेक घरांत पहिला प्रयोग ठरलेला असतो. बॅटरी चार्ज करायची आणि लग्नाची कॅसेट आत सरकवायची. मला विचाराल तर यापेक्षा वाईट सुरुवात नाही. पंधरा-वीस वर्षं न हललेल्या यंत्राच्या तोंडी घरातली सगळ्यात मोलाची टेप आपण देतो. ती कॅसेट शेवटी घालायची असते, आणि तोवर काय काय करायचं तेच पुढे सांगतोय.

## एका डब्यात दोन यंत्रं

टेपवाल्या कॅमेऱ्यात दोन स्वतंत्र यंत्रं असतात. पहिलं म्हणजे डोळा: भिंग, त्यामागचा सेन्सर आणि चित्र दाखवणारा छोटा पडदा. दुसरं म्हणजे टेप डेक: टेप ओढणाऱ्या मोटारी, दाते, रबरी रोलर आणि टेपवर लिहिणारं-वाचणारं हेड. विजेचा पुरवठा तेवढा दोघांचा एकच.

एवढं लक्षात ठेवलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. जुन्या कॅसेट उतरवून घ्यायच्या असतील, तर डोळा फुटका असला तरी आपलं काही अडत नाही. फक्त डेक धड हवा. याउलट एखादा कॅमेरा समोरचं दृश्य झकास दाखवतो आणि कॅसेट घातली की कुरकुरतो. शूटिंगच्या हौशीसाठी विकत घेणाऱ्याला विक्रेता हा 'झकास' भागच दाखवत असतो, हेही ध्यानात असू द्या.

कॅमेरा कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखा. सोनीने १९८५ मध्ये व्हिडिओ-८ आणलं, १९८९ मध्ये त्याचा सुधारित भाऊ हाय-८ आला. दोन्हींची टेप आठ मिलिमीटर रुंद आणि चित्रण अ‍ॅनालॉग. १९९५ मध्ये मिनीडीव्ही आलं. त्याची कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, टेप सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास आणि चित्रण डिजिटल. १९९९ मधलं डिजिटल-८ म्हणजे हाय-८ च्याच कॅसेटवर डिजिटल चित्रण. त्यातले काही कॅमेरे जुन्या हाय-८ टेपही वाजवतात, सगळे नाही. पुढे हाय डेफिनिशनवालं एचडीव्ही आलं तेही मिनीडीव्हीच्याच कॅसेटवर. म्हणजे एचडीव्हीवर भरलेली कॅसेट साध्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यात घातली तर ती कोरी असल्यासारखी वाटते. कॅसेट कोरी नसते आणि कॅमेराही बिघडलेला नसतो.

## आधी वीज

जुनी बॅटरी फुगलेली असेल तर ती कॅमेऱ्याला लावूच नका, चार्जरलाही नको. ई-कचऱ्यात टाका. तपासणी नेहमी अ‍ॅडॉप्टरवर करावी, कारण मध्येच वीज गेली की टेप अर्धवट बाहेर ओढलेल्या अवस्थेत अडकते. या कॅमेऱ्यांतून कॅसेट बाहेर येते तीही मोटारीच्या जोरावरच.

अ‍ॅडॉप्टर हरवला असेल तर कॅमेऱ्याच्या पाठीवर किंवा पोटावर लिहिलेले व्होल्ट वाचा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलना ८.४ व्होल्ट लागतात. घरात पडलेला राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर 'पिन बसते' म्हणून लावणं म्हणजे कॅमेरा स्वतःच्या हाताने जाळणं.

बॅटरीच हवी असेल तर एक चांगली गोष्ट आहे. नव्वदच्या दशकातल्या सोनी हँडीकॅमना लागणाऱ्या एनपी-एफ मालिकेच्या, ७.२ व्होल्टच्या बॅटऱ्या आजही सर्रास मिळतात, कारण लग्नात फोटोग्राफर वापरतात त्या एलईडी लाइटना त्याच लागतात. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाल्या नाहीत तर लाइटवाल्याकडे विचारा.

अ‍ॅडॉप्टर लावला, दिवा लागला, पण तारीख-वेळ दर वेळी पुसली जाते? हा बिघाड धरू नका. आत एक नखाएवढी बॅटरी असते, ती उतरलेली असते. बऱ्याच मॉडेलमध्ये कॅमेरा चोवीस तास अ‍ॅडॉप्टरला जोडून ठेवला की ती चार्ज होते. काही जुन्या हाय-८ मॉडेलमध्ये तिथे घड्याळाच्या सेलसारखा सीआर-२०२५ असतो, तो बदलायचा.

काहीच झालं नाही, दिवासुद्धा लागला नाही, तर कॅमेरा नाकाशी धरा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातलं रसायन वर्षांनुवर्षांत झिरपतं आणि सर्किटच्या रेषा खातं. त्याला सुकत घातलेल्या मासळीसारखा वास येतो. तो वास आला तर घरगुती तपासणी तिथेच थांबवा. पुढचं काम सोल्डरिंग येणाऱ्याचं.

## कॅसेट न घालता: डोळा तपासा

कॅमेरा शूटिंगच्या मोडवर ठेवा आणि खिडकीकडे रोखा. झूम आत-बाहेर करा. आवाज एकसारखा यायला हवा, मध्येच कटकट नको. जवळच्या वस्तूवरून लांबच्या वस्तूवर गेलात की फोकस दोन-एक सेकंदांत जमायला हवा. पडदा काळा दिसत असेल तर लगेच धीर सोडू नका, डोळा लावून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. तिथे चित्र असेल तर सेन्सर ठीक आहे आणि उघडमीट होणाऱ्या पडद्याच्या बिजागरीतली पट्टीसारखी केबल तुटलीय. पडदा हळूहळू उघडताना एका ठरावीक कोनात चित्र लुकलुकलं तर हे नक्कीच.

व्ह्यूफाइंडरमध्येही काळोख, किंवा जांभळट, पट्ट्यापट्ट्यांचं चित्र दिसलं तर सेन्सरवर संशय घ्या. ऑक्टोबर २००५ मध्ये सोनीने जाहीर केलं होतं, की साधारण २००२ ते २००४ या काळात बनवलेल्या काही सेन्सरमध्ये दोष आहे. उष्ण आणि दमट हवेत आतल्या बारीक तारांचे सांधे सुटतात आणि चित्र विकृत होतं किंवा दिसेनासंच होतं. हे सेन्सर सोनीने इतर कंपन्यांनाही पुरवले होते, त्यामुळे कॅनन, निकॉन, फुजीफिल्म यांच्याही काही कॅमेऱ्यांत तो दोष निघाला. उष्ण आणि दमट म्हणजे आपलं रत्नागिरी आणि मुंबईच की! तेव्हा त्या काळातला कॅमेरा असेल आणि डोळा आंधळा असेल, तर दोष तुमच्या हाताळणीत शोधू नका. आणि पुन्हा सांगतो, अशा कॅमेऱ्याचा डेक ठणठणीत असू शकतो. भंगारात देऊ नका.

भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर चित्रात दिसतही नाही.

## रद्दी कॅसेट हवी

आता डेक. यासाठी गेली तरी चालेल अशी एखादी कॅसेट शोधा: शेजाऱ्यांच्या वास्तुशांतीची दुसरी प्रत, टीव्हीवरून भरलेलं काहीतरी, कुणाला नको असलेलं. नसेल तर शिल्लक साठ्यातली कोरी विकत घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी.

कॅसेट घालायची एक रीत आहे, आणि निम्मी यंत्रं याच टप्प्यावर बिघडवली जातात. बाहेरचं झाकण उघडलं की आतून पत्र्याचा एक कप्पा आपोआप वर येतो. कॅसेट त्यात सरळ सरकवा, खिडकी बाहेरच्या बाजूला. मग त्या कप्प्यावर जिथे 'पुश' लिहिलेलं असतं तिथेच, मधोमध, बोटाने हलकं दाबा. कप्पा खट्कन बसेल आणि यंत्र त्याला स्वतः आत ओढून घेईल. तो पूर्ण आत गेल्यावरच बाहेरचं झाकण लावायचं. लोक घाईत बाहेरचंच झाकण दाबतात. मग कप्पा तिरका होतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

आता कान द्या. एक-दोन सेकंद घरघर, मग हलकं गुणगुणणं, हे निरोगी लक्षण. आत काय होतं ते असं: दोन छोटे खांब कॅसेटमधून टेप बाहेर ओढतात आणि एका चकचकीत, बोटभर उंचीसुद्धा नसलेल्या, कललेल्या डमरूभोवती गुंडाळतात. हा डमरू म्हणजे ड्रम, आणि त्यावर बसवलेली हेडं. यंत्राने हे दोन-तीनदा करून बघितलं आणि कॅसेट परत ढकलून दिली, तर आतलं ग्रीस वाळून चिकट झालंय किंवा एखादा दाता तुटलाय असं समजा. ग्रीस असेल तर कधीकधी रद्दी कॅसेट पुन्हा पुन्हा आत-बाहेर केल्याने यंत्र मोकळं होतं. खरी कॅसेट घालून हा व्यायाम मुळीच करायचा नाही.

कॅसेट बसली की पाच मिनिटं शूटिंग करा, बोला, टाळ्या वाजवा. टेप मागे घ्या, बघा. नंतर पुढे पळवा, परत मागे, परत बघा. शेवटी कॅसेट बाहेर काढून तिच्या खिडकीतून टेपची कड न्याहाळा. ती सपाट असली पाहिजे. कड चुरगळली असेल, लाटा आल्या असतील, तर डेक टेप चावतोय. अशा कॅमेऱ्यात तुमची कॅसेट जाता कामा नये, चित्र कितीही छान दिसो.

## मुंग्या, चौकोन आणि पट्टे

चित्र खराब आलं तर ते कसं खराब आहे, यावरून रोग कळतो. त्यासाठी हेड काम कसं करतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

टेप सेकंदाला जेमतेम दोन सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ टेपवर चित्राची प्रचंड माहिती सरळ रेषेत मावणार नाही. म्हणून ड्रम तिरका बसवून गरागरा फिरवतात, मिनीडीव्हीत मिनिटाला ९००० फेरे. दर फेऱ्यात हेड टेपवर तिरप्या रेघा मारत जातं. लाटलेल्या पोळीवर शंकरपाळ्यांसाठी कातणं तिरकं फिरवावं तशा, एकीला लागून एक. फरक एवढाच, की इथली एकेक रेघ १० मायक्रॉन रुंदीची आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा पाच-सात रेघा मावतील.

इतक्या बारीक कामात धुळीचा कण किंवा टेपवरून सुटलेली पूड हेडच्या टोकाला चिकटली, की हेड आंधळं होतं. अ‍ॅनालॉग टेपवर मग मुंग्या येतात. जुन्या टीव्हीवर अँटेना हलल्यावर यायच्या तशाच. डिजिटल टेपवर चित्राचे चौकोन फुटतात आणि आवाज तुटक होतो. मिनीडीव्हीत दोन हेडं आळीपाळीने रेघा वाचतात. त्यातलं एकच बुजलं असेल तर फार ठळक खूण दिसते: चित्रात आडवे पट्टे, एक पट्टा हलता, स्वच्छ, त्याखालचा गोठलेला किंवा चौकोनी, परत स्वच्छ, परत गोठलेला. हे पट्टे दिसले तर खूश व्हा. यंत्र ठीक आहे, फक्त एक हेड मळलंय.

त्यावर उपाय म्हणजे हेड साफ करणारी कोरडी क्लीनिंग कॅसेट. ती घालून प्ले करा, दहा सेकंद झाले की थांबवा. ती मागे गुंडाळायची नाही, कारण जिथे मळ लागलाय तोच भाग पुन्हा हेडवर येईल. फरक पडला नाही तर आणखी एकदा. सारखी सारखी चालवू नका, ती मुळात पॉलिश कागदाचीच सूक्ष्म बहीण आहे, हेड झिजतं.

आता गंमत बघा. स्वतः केलेलं शूटिंग कॅमेरा नीट वाजवतो, पण जुनी कॅसेट घातली की चौकोन. अशा वेळी या कॅमेऱ्याचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. एक तर ती टेप थकलीय, किंवा ती ज्या कॅमेऱ्यावर भरली त्याच्या रेघांचा कोन जरासा वेगळा होता. एलपी मोडवर, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं मावावीत म्हणून भरलेल्या टेपा याबाबतीत जास्त नखरेल, कारण त्यांच्या रेघा आणखी अरुंद, ६.७ मायक्रॉनच्या. एलपीवर भरलेली टेप ज्या कॅमेऱ्याने भरली त्यावरच वाजवा, असं कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकांतही लिहिलेलं असायचं. म्हणूनच घरातला मूळ कॅमेरा थोडाफार कुरकुरत असला तरी, सगळ्या टेपा उतरवून होईपर्यंत विकू नये.

## 'स्पिरिट लावून कापसाने पुसलं तर?'

नको. कापसाचा धागा हेडच्या टोकात अडकतो आणि ते टोक तुटलं की ड्रमच गेला. जाणकार मंडळी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड ड्रमला टेकवून स्थिर धरतात आणि ड्रम बोटाने आडवा फिरवतात. उभं, वर-खाली कधीच पुसत नाहीत. हे करायला कॅमेऱ्याचं झाकण काढावं लागतं. हात स्थिर असेल आणि कॅमेरा गमवायची तयारी असेल तर करा. सॅनिटायझर, अत्तर, रॉकेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही आत जाता कामा नये.

## पडद्यावर 'सी' अक्षर आणि आकडे

सोनीचे कॅमेरे आपला आजार स्वतः सांगतात. पडद्यावर इंग्रजी सी, मग दोन आकडी अंक लुकलुकतात. सी:०४ म्हणजे कॅमेऱ्याला बॅटरी ओळखीची वाटत नाही. स्वस्तातल्या बॅटरीवर हे येतं. सी:२१ म्हणजे आत दव धरलंय. सी:२२ म्हणजे हेड मळलंय. सी:३१ आणि सी:३२ म्हणजे टेप ओढणाऱ्या यंत्रणेत कुठेतरी अडलंय. त्यावर पहिला उपाय: कॅसेट काढा, अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा, काही मिनिटांनी पुन्हा जोडून रद्दी कॅसेट घाला. चार-पाचदा करूनही तेच आलं तर दुरुस्ती. 'ई' अक्षराने सुरू होणारे संकेत, उदाहरणार्थ ई:६१ किंवा ई:६२, घरच्या उपायांनी जात नाहीत. पण हे दोन्ही भिंगाच्या बाजूचे असतात, त्यामुळे टेप वाजण्यात फारसा अडथळा येत नाही.

दवाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा मुख्य रोग. एसीच्या खोलीतला गार कॅमेरा दमट हवेत आणला, की थंड ड्रमवर बाष्प जमतं. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि गुंडाळली जाते. म्हणून कॅमेऱ्यात दव ओळखणारा सेन्सर असतो आणि तो सगळं बंद पाडतो, कॅसेट बाहेर काढण्याखेरीज काही करू देत नाही. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, निदान तासभर थांबा. हेअर ड्रायर मारू नका. पावसाळ्यात तपासणीच पुढे ढकलता आली तर उत्तम, दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला चांगली.

## 'अमेरिकेहून आणलेला कॅमेरा आपली कॅसेट दाखवतच नाही'

कॅमेरा धडधाकट असेल. भारतात चित्राची पद्धत पाल, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी, सेकंदाला सुमारे ३०. न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेला कॅमेरा एनटीएससीचा असतो. त्याचा अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टवर चालतो म्हणून कॅमेराही इथल्यासारखाच असेल असं वाटतं. पण पालवर भरलेली टेप तो सहसा वाजवत नाही. तिकडे भरलेल्या टेपांसाठी मात्र तोच जपून ठेवा. सिंगापूर किंवा दुबईहून आलेले कॅमेरे बहुधा पालचे. सोनीच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी 'ई' असेल तर तो पाल.

## टीव्हीला जोडलं, आवाज येतो, चित्र नाही

कॅमेऱ्यातून निघणारी पिवळी-पांढरी-लाल केबल. पिवळीत चित्र, पांढऱ्या-लालमध्ये आवाज. कॅमेऱ्याच्या बाजूला ती एकाच बारीक पिनेत जमते, आणि त्या पिनेवरचा क्रम प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने ठरवला. सेट-टॉप बॉक्सची तशीच दिसणारी केबल लावली तर चित्र भलत्याच रंगाच्या टोकातून बाहेर पडतं. पिवळ्याच्या जागी लाल, मग पांढरं लावून बघा. यात काही जळत नाही. तरीही नाही आलं तर कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये त्या भोकाचा उपयोग 'आत' ऐवजी 'बाहेर' असा निवडलाय का ते पाहा.

## आता खरी कॅसेट, पण आधी तिच्याकडे बघा

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड उजेडात धरा. ती गुळगुळीत काळी किंवा तपकिरी दिसायला हवी. पांढरे ठिपके, पावडर किंवा कापसासारखं काही असेल तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, पणजीत आणि जिथे जिथे कपाटाला ओल आहे तिथे ती असतेच. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी हेडवर पसरते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. हे काम टेप स्वच्छ करणाऱ्यांकडेच द्यायचं.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटचं कुलूप आधी लावा: पाठीच्या कडेला एक छोटं सरकणारं बटण असतं, ते 'सेव्ह' बाजूला. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी बारशावर आजचं छत शूट होणार नाही. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप त्याने सैल होते. वाजवताना चिरका आवाज आला तर ताबडतोब थांबवा. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद दमटपणाने मऊ होऊन चिकटत असतो.

## 'एवढ्या उठाठेवीपेक्षा दुकानात दिलं तर?'

द्या, त्यात कमीपणा नाही. पाच-सहाच कॅसेट असतील तर तेच शहाणपणाचं. फक्त तीन गोष्टी विचारा. कोणत्या यंत्रावर वाजवता? मिनीडीव्ही असेल तर फायरवायरने उतरवता का? मूळ फाइल देता, की डीव्हीडी? डीव्हीडी हातात ठेवणारा माणूस तुमच्या चित्रणातला बराच तपशील दाबून, गाळून देत असतो. कॅमेरा दुरुस्त करायचा असेल तर मुंबईत फोर्टचा बोरा बाजार, लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणी विचारपूस करता येईल. पण जाताना 'चालत नाही' एवढंच सांगू नका. 'डोळा ठीक आहे, टेप आत जाते, ड्रम फिरतो, एक हेड मळल्यासारखे पट्टे येतात, क्लीनिंग कॅसेट दोनदा लावली' असं सांगितलंत, की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, आणि बिलही वेगळं होतं.

टीव्हीवर लावून मोबाईलने शूट केलं तर? आवाज घुमतो, चित्र लुकलुकतं, कडा कापल्या जातात. पण कॅमेरा शेवटचे श्वास मोजत असेल आणि दुसरं काही हाताशी नसेल, तर तेही करून ठेवा.

## संगणकात उतरवताना

मिनीडीव्ही कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असतं म्हणून बहुतेकजण ती केबल लावतात. तिथून बहुधा फोटो किंवा हलक्या दर्जाचं चित्रच मिळतं. खरं भोक वेगळं, त्यावर 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं, तेच फायरवायर. त्यातून टेपवरचे आकडे जसेच्या तसे येतात, तासाला सुमारे १३ जीबी. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी शे-दोनशे रुपयांची केबल ऑनलाइन मिळते. ती घेऊ नका, तिने चित्र येत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवा किंवा कुणाचा तरी जुना लॅपटॉप शोधा. जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा, चालू असताना पिन तिरकी लागली तर कॅमेऱ्यातलं ते सर्किट जळू शकतं.

व्हिडिओ-८ आणि हाय-८ ला हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी पिवळी-पांढरी-लाल केबल घेणारी यूएसबी कॅप्चर डबी. किंवा जुन्या टेपा वाजवणारा डिजिटल-८ कॅमेरा मिळाला तर तो अ‍ॅनालॉग टेपसुद्धा फायरवायरमधून डिजिटल करून देतो. असा कॅमेरा कुणाकडे पडून असेल तर आठवडाभर उसना मागा.

कोणती टेप आधी, याचं उत्तर बहुतेक लोक 'लग्न' असं देतात. लग्नाची दुसरी प्रत मात्र मामाकडे किंवा व्हिडिओवाल्याकडे असण्याची शक्यता असते. आधी त्या कॅसेट घ्या ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही, घरच्याच कुणीतरी भरलेल्या. यंत्र मध्येच बंद पडलं, तर त्यांची दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही.